दुखण्यावर डिप्रेशनची गोळी दिली म्हणजे वेड्यात काढलं? त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला एकटीलाच चार जणांकडून आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंबर, पाय, मान किंवा नस दुखते म्हणून गेलात आणि डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन असं काही लिहून दिलं तर समजा की तुम्हाला वेड्यात काढलंय. या डिप्रेशनच्या गोळ्या आहेत म्हणजे तुमचं दुखणं खोटं आहे असं डॉक्टरांना वाटतं. या गोळ्या दुखणं बरं करत नाहीत, फक्त मेंदू बधिर करतात, आणि त्यांना शास्त्रीय पुरावाच नाही. किडनी-लिव्हर संपतं, एकदा सुरू केल्या की दारूसारखं व्यसन लागतं, आयुष्यभर सुटत नाहीत. आणि शेवटी, आजच कचऱ्यात टाका, शरीर आपोआप शुद्ध होईल.

मला उत्तर द्यावंसं वाटलं याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मला तीन वर्षांपूर्वी नागीण झाली होती, डाव्या बाजूला बरगड्यांवर. पुरळ गेलं, खपल्या पडल्या, दुखणं मात्र तिथेच राहिलं आणि त्यासाठी मी यातलीच एक गोळी दीड वर्ष घेतली, नंतर बंदही केली. दुसरं कारण माझी मावशी. डायबेटिसमुळे तिच्या तळपायांची आग व्हायची म्हणून ती ड्युलोक्सेटिन घेत होती आणि तिने हा मेसेज वाचून कॅप्सूल एका रात्रीत बंद केली. पुढचे दिवस मी तिच्याजवळ होते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

"डिप्रेशनची गोळी दिली म्हणजे दुखणं मनाचं आहे असं डॉक्टरांना वाटतं"

हे वाक्य इतकं का लागतं ते मला माहितीये. ज्यांचं दुखणं महिनोन्‌महिने चालतं त्यांनी "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत", "टेन्शन घेऊ नका", "दुसरीकडे मन रमवा" हे सगळं ऐकून झालेलं असतं, घरातूनसुद्धा. मग गोळीच्या खोक्यातला कागद उघडून बघितला आणि पहिल्याच ओळीत डिप्रेशन दिसलं की वाटतं, झालं, यांनीही तेच ठरवलं. मलाही वाटलं होतं, रडलेही होते. आणि मला गोळी देताना कुणी समजावलंही नव्हतं, "रात्री एक" एवढंच सांगून पुढचा पेशंट आत. दोन मिनिटं काढून सांगितलं असतं तर असल्या मेसेजला जागाच उरली नसती, हा राग माझा अजून गेलेला नाही.

पण मेसेजमधलं म्हणणं चूकच आहे. ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातलं पहिलं औषध इमिप्रामीन, ते डिप्रेशनवर चालतं हे १९५७ मध्ये समोर आलं आणि १९६० मध्येच दुखण्यावर त्याचा उपयोग झाल्याचं लिहिलं गेलं, म्हणजे ही काही काल कुणीतरी काढलेली युक्ती नाही. पुढे १९८२ मध्ये नागिणीनंतरच्या दुखण्यावर ॲमिट्रिप्टिलिन तपासलं गेलं, आणि १९८७ मध्ये डायबेटिसच्या नसांच्या दुखण्यावर जो अभ्यास झाला त्यात मुद्दाम दोन्ही प्रकारचे लोक होते, डिप्रेशन असलेले आणि मूड अगदी ठीक असलेले. दुखणं दोघांचंही कमी झालं. डिप्रेशन नसलेल्या माणसाचं दुखणं कमी होत असेल तर गोळी डिप्रेशन बरं करून दुखणं घालवतेय असं म्हणताच येत नाही ना.

डोसही बघा. डिप्रेशनसाठी ॲमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतं. दुखण्यासाठी सुरुवात १० पासून होते, बरेच जण १० ते २५ मध्येच राहतात, फार तर ७५. मला १० दिली होती, तेवढ्याने कुणाचं डिप्रेशन हलत नाही. (ड्युलोक्सेटिनचं तसं नाही, ते दोन्हीकडे साधारण ६० च असतं, त्यामुळे हा डोसचा मुद्दा सगळ्या गोळ्यांना लावू नका.) औषधाचं नाव ते पहिल्यांदा कशावर वापरलं त्यावरून पडतं, एवढंच. ॲस्पिरिन ताप-डोकेदुखीची गोळी म्हणून आली आणि आज हार्ट पेशंट रोज छोट्या डोसमध्ये घेतात, तिथे कुणी विचारत नाही की माझ्या हृदयाला ताप आलाय का.

"दुखणं बरं होत नाही, फक्त मेंदू बधिर होतो"

यातलं अर्धं वाक्य खरं आहे. दुखण्याचं मूळ कारण या गोळीने बरं होत नाही. नागिणीने खराब झालेली नस तिने दुरुस्त केली नाही, डायबेटिसने झिजलेली नसही करत नाही. पण बधिर हा शब्द साफ चुकीचा आहे, आणि नक्की काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

माझं दुखणं कसं होतं सांगते. नुसता पंख्याचा वारा लागला तरी बरगडीवर कुणी तापलेली सळई फिरवतंय असं व्हायचं. कपडा टेकायला नको म्हणून मी डाव्या हाताने कुडता अंगापासून लांब धरून घरात फिरायचे, रात्री तसाच धरून झोपायचे, हात सुटला की कळ आणि जाग. आता वारा काही जखम करत नाही, त्वचा तर वरून पूर्ण बरी झालेली. बिघडलेली होती ती खबर पोचवणारी व्यवस्था. आपल्याला वाटतं नसांमधून खबर फक्त वर जाते, खालून मेंदूकडे. पण मेंदूतून खाली मज्जारज्जूकडेही तारा येतात आणि त्यांचं काम ब्रेकचं असतं, येणाऱ्या खबरेचा आवाज कमी करायचा. मज्जारज्जूमध्ये खबर अडवणारं असं एक दार असतं ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली, पुढे तिच्यात बरेच बदल झाले पण मुख्य गोष्ट टिकली. हा ब्रेक ज्या रसायनांवर चालतो त्यातली दोन मोठी म्हणजे नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन, आणि या गोळ्या नेमकी तीच दोन जास्त वेळ टिकवून ठेवतात. म्हणून तर फक्त सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या नसांच्या दुखण्यावर तेवढ्या चालत नाहीत आणि दोन्हींवर काम करणाऱ्या जास्त चालतात. ॲमिट्रिप्टिलिन त्याशिवाय नसांमधल्या सोडियमच्या वाटाही थोड्या अडवतं, त्यामुळे चिडलेली नस उगाच ठिणग्या टाकायची कमी होते.

बधिर झाले असते तर मला सुई टोचलेली कळली नसती. ती कळत होती, चटका कळत होता, फक्त कुडत्याचा स्पर्श परत कुडत्याचा स्पर्श वाटायला लागला. तोही लगेच नाही हं. दोन-तीन आठवडे तर काहीच वाटलं नाही आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात, पेनकिलरसारखं तासाभरात काही होत नाही म्हणून. डोस नीट झाल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे बघावं लागतं, मग ठरवायचं उपयोग आहे की नाही.

"शास्त्रीय पुरावाच नाही"

पुरावा आहे, पण तो काय म्हणतो ते पूर्ण सांगते, आपल्या बाजूचं तेवढंच नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) एक मोठा आढावा घेतला, १७६ अभ्यास, मिळून २८,६६४ माणसं, पंचवीस वेगवेगळी अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनची औषधं. त्यातून सगळ्यात भरवशाचा पुरावा निघाला तो ड्युलोक्सेटिनचा, तोही नेहमीच्या डोसचा, डोस वाढवून जास्त फायदा दिसला नाही. ॲमिट्रिप्टिलिन इतकी वर्षं वापरात असूनही त्याचे अभ्यास छोटे आणि कच्चे निघाले, म्हणजे उपयोग नाही असं नव्हे तर खात्रीने सांगण्यासारखे नाहीत. आणि हे अभ्यास सरासरी १० आठवड्यांचे होते, वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे त्यात नाहीच. नसांच्या दुखण्यापुरतं २०१५ च्या एका आढाव्यात असं दिसलं की ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातली गोळी साधारण चार जणांना दिली तर औषधच नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत एका जास्तीच्या माणसाला चांगला आराम मिळतो, ड्युलोक्सेटिनच्या गटात हाच आकडा सहाच्या आसपास. चांगला आराम म्हणजे दुखणं निम्म्यावर येणं, शून्य नाही.

म्हणजे बऱ्याच लोकांना काहीच फरक पडणार नाही. त्यांचं दुखणं खोटं होतं असा त्याचा अर्थ नाही, त्यांना ही गोळी लागू पडली नाही एवढाच अर्थ. अशा वेळी ती चालू ठेवण्यात अर्थ नसतो, हेही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण मी अशी माणसं बघितलीत जी तीन-चार वर्षं गोळी घेतायत, फरक काही नाही आणि कुणी विचारतही नाही. मला फरक पडला, दहातलं आठ दुखणं चारवर आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी सलग पाच तास झोपायला लागले.

"किडनी-लिव्हर संपतं"

सरसकट असं होत नाही. ज्यांचं लिव्हर आधीच खराब आहे, जे खूप दारू पितात, किंवा ज्यांची किडनी फारच कमी काम करते त्यांना ड्युलोक्सेटिन देत नाहीत, हे खरं आहे आणि म्हणून डॉक्टरांना हे आधी सांगायचं असतं. धडधाकट किडनी या गोळीने संपते असं काही नाही. मला वाईट याचं वाटतं की हा मेसेज वाचून लोक गोळी सोडतात आणि मनाने रोज डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन घेत बसतात, आणि किडनीला, पोटाला खरा धोका रोजच्या त्या गोळ्यांचा जास्त असतो.

या गोळ्यांचे साइड इफेक्ट मात्र आहेत आणि ते मेसेजमध्ये एकही नाही, जे खरं सांगायचं तेच राहिलं. ॲमिट्रिप्टिलिनने मला तोंडाला इतकी कोरड पडायची की बोलताना जीभ टाळूला चिकटायची, रात्री उशाशी पाणी ठेवावं लागायचं. पोट साफ होईना. सकाळी नऊपर्यंत गुंगी, मग मी गोळी झोपताना घेण्याऐवजी संध्याकाळी आठला घ्यायला लागले तेव्हा सकाळ थोडी मोकळी झाली. वर्षभरात वजन पाच किलो वाढलं. वयस्कर माणसांना उठून उभं राहताना चक्कर येऊन पडायची भीती, पुरुषांना प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकू शकते, काचबिंदूचा त्रास असेल तर तो उसळू शकतो, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आधी ईसीजी काढायला हवा. ड्युलोक्सेटिनचं वेगळं, सुरुवातीला मळमळ फार (मावशीला पहिले आठ दिवस जेवण नको वाटायचं, पोटात काही असताना घेतलं की कमी व्हायची), घाम, झोप उडणं, बीपी थोडं वाढणं, म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम कमी होणं. आणि सेक्सची इच्छा कमी होणं, उशीर होणं, हे दोन्हीकडे होऊ शकतं आणि लाजेने कुणी बोलत नाही. बोला, कारण त्यावर डोस कमी करणं, गोळी बदलणं असे उपाय असतात.

दोन गोष्टी तर प्रत्येकाने माहीत करूनच घ्याव्यात. पहिली म्हणजे ट्रामाडोल. दुखण्यासाठी एका डॉक्टरांनी ट्रामाडोल दिलेलं असतं, दुसऱ्यांनी ड्युलोक्सेटिन, दोघांना एकमेकांचं माहीत नसतं आणि दोन्ही मिळून सेरोटोनिन फार वाढू शकतं. हातपाय थरथरणं, खूप घाम, ताप, छाती धडधडणं, स्नायू ताठ होणं, काहीतरीच बडबड असं दिसलं तर थेट हॉस्पिटल. ड्युलोक्सेटिनसोबत नेहमीची पेनकिलर किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर रक्तस्रावाची शक्यताही वाढते. म्हणून सगळ्या गोळ्यांची एक यादी करून प्रत्येक डॉक्टरला दाखवा. दुसरी गोष्ट तरुणांची. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत या गोळ्यांवर तसा ठळक इशारा २००४ पासून आहे आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी वाढवला. गोळी दुखण्यासाठी दिलीय म्हणून हे लागू नाही असं समजू नका, घरातल्यांनी लक्ष ठेवा.

"दारूसारखं व्यसन लागतं, आयुष्यभर सुटत नाही"

व्यसन म्हणजे तलफ येते, डोस वाढवत न्यावा वाटतो, ती चीज मिळवायला माणूस काहीही करतो. या गोळ्यांची तलफ येत नाही. पण शरीराला त्यांची सवय होते, आणि अचानक काढून घेतल्या की शरीर बिथरतं, ही गोष्ट व्यसनापेक्षा वेगळी असली तरी खोटी नाही. इथे मला मेसेजवाल्यांइतकाच "बंद करताना काही त्रास होत नाही हो" असं म्हणणाऱ्या डॉक्टरांवरही आक्षेप घ्यायचाय. वर्षानुवर्षं पेशंटना हेच सांगितलं गेलं, आणि त्रास झाला की "तुमचं जुनं दुखणं परत आलं, गोळी चालू ठेवा".

२०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात ७९ अभ्यासांचा आढावा आला. गोळी बंद करणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, आणि नुसती खोटी गोळी बंद करणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. म्हणजे गोळीमुळेच होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास ३ टक्क्यांच्या आसपास. वर्षानुवर्षं घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त असू शकतं. औषधाप्रमाणेही बदलतं, डिप्रेशनच्या बाकी गोळ्यांपैकी व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन यात बदनाम आहेत कारण ती अंगातून भराभर निघून जातात, फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं त्यामुळे ते सोडणं त्या मानाने सोपं. ड्युलोक्सेटिन साधारण बारा तासांत निम्मं होतं, म्हणजे तेही लवकर जाणाऱ्यांतच.

"आजच कचऱ्यात टाका"

सगळ्या मेसेजमधलं हे एकच वाक्य असं आहे की ज्याने माणूस त्याच आठवड्यात आडवा होतो.

मावशी १४ महिने ६० मिलिग्रॅम घेत होती. बंद केल्याचं कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गरगरायला लागलं, तिसऱ्या दिवशी मला फोन केला की मान वळवली की डोक्यात करंट बसतो. मी गेले तर पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हातांनी गादी धरून. डोळे बाजूला फिरवले की झप असं काहीतरी डोक्यातून जातं म्हणाली, म्हणून ती नजर एकाच ठिकाणी ठेवून बोलत होती. मळमळ, घाम, रात्री भयानक स्वप्नं, आणि माझी मावशी जी कधी आवाज चढवत नाही ती क्षुल्लक गोष्टीवरून ओरडली आणि मग रडली. तिला वाटलं अर्धांगवायूचा झटका येतोय. शुगर बघितली, ठीक. बीपी बघितलं, ठीक. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, कुठली गोळी बंद केलीय का? तेव्हा तिने उशीखालून अख्खी पाकिटं काढून दाखवली.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे कॅप्सूल परत सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत करंट थांबले. ही खूण लक्षात ठेवा. सोडल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात करंटसारखं आधी कधी नव्हतं असं काहीतरी असतं आणि गोळी परत घेतली की लवकर जातो. जुनं दुखणं परत येतं ते हळूहळू, आणि जसं होतं तसंच येतं. (चक्कर आणि करंट दर वेळी गोळीचेच असतील असंही नाही, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं असलं काही दिसलं तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.)

सोडायची तर सावकाश सोडायची, आणि सावकाश म्हणजे किती ते लोकांना कळत नाही म्हणून सांगते. डोस निम्मा केला की परिणामही निम्मा होतो असं नसतं. सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनच्याच एका गोळीचं मोजमाप झालंय, २० मिलिग्रॅमला मेंदूतल्या सेरोटोनिन परत ओढणाऱ्या पंपांपैकी जवळपास ८० टक्के अडवले जातात, आणि डोस तिप्पट करून ६० केला तरी ते जेमतेम ८८ टक्क्यांपर्यंत जातं. उलटं बघा, ६० वरून २० वर आलात तर शरीराला फारसं कळणारही नाही, पण २० वरून शून्यावर आलात तर ८० टक्क्यांवरून सरळ खाली. जिन्याची शेवटची पायरीच सगळ्यात उंच असते. म्हणून शेवटचे टप्पे छोटे आणि लांब ठेवायचे, एक टप्पा पचला की पुढचा, त्रास झाला की मागच्या डोसवर जाऊन थांबायचं. एक दिवस आड घ्यायची युक्ती करू नका, लवकर उतरणाऱ्या औषधाचं त्यात दर दुसऱ्या दिवशी सोडणंच होतं. ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल मनाने फोडून, चावून घेऊ नका, आतल्या दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचवायला असतं. किती कमी करायचं, किती दिवसांनी, हे डॉक्टरांसोबत बसून कागदावर लिहून घ्या. माझं १० मिलिग्रॅमचं होतं, लहान डोस, तरी तीन आठवडे झोप विस्कटली आणि स्वप्नं फार पडली, मग ठीक झालं.

आणि खरंच टाकायच्या असतील तर उघड्या कचऱ्यात तर नकोतच. ॲमिट्रिप्टिलिनच्या थोड्या गोळ्यासुद्धा लहान मुलाच्या पोटात गेल्या तर हृदयाच्या ठोक्यांवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो.

मावशीने आता स्वतःच ठरवलंय की गोळी कमी करून बघायची, शुगर बरी आहे, घामाचा तिला कंटाळा आलाय. तिचा हक्क आहे तो. डॉक्टरांनी ३० वर आणलंय, पाच आठवडे झाले, कॅलेंडरवर ती रोज तळपायांच्या आगीला दहापैकी आकडा लिहिते, काल तीन होता. तो मेसेज तिने तिघींना पुढे पाठवला होता, तिघींना तिने फोन केले. त्यातल्या एकीने दोन दिवसांपूर्वीच गोळी बंद केली होती आणि चक्कर कशाने येतेय ते तिला कळत नव्हतं. मावशीने तिला फोन ठेवायच्या आधी डॉक्टरांचा नंबर शोधायला लावला.